पटाशीची धार: ग्राइंडर, जिग आणि दगड, कामाच्या नोंदी

सहा जुन्या पटाश्या पुन्हा कामाला लावायच्या आहेत: दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), अर्धा इंच, पाऊण इंच, एक इंच, दीड इंच, आणि तीन सुताचं एक विंधणं, म्हणजे खोल खाचा पाडायची जाड पटाशी. साधनं म्हणजे १५० मिमी चाकाचा साधा बेंच ग्राइंडर, त्याच्यावर चालणारी घरी बनवलेली जिग, दगडावर चालणारं एक छोटं गाइड आणि दोन बाजूंचा कार्बोरंडम दगड. जिग आणि गाइड दोन्ही पातं ठरलेल्या कोनात धरून ठेवतात. गोंधळ नको म्हणून या नोंदींत ग्राइंडरवरच्या साधनाला जिग म्हटलं आहे, दगडावरच्याला गाइड. ग्राइंडरवर फिरतं ते चाक, आणि हाताने घासायचा तो दगड. दुकानात मात्र चाकालाही ‘ग्राइंडरचा दगड’ म्हणूनच मागावं लागतं.

८ जून २०२४: तपासणी

धार लावायच्या आधी प्रत्येक पातं चार गोष्टींसाठी पाहिलं: धार काटकोनात आहे का, उताराचा (धारेकडे तिरक्या घासलेल्या बाजूचा) कोन किती, पाठ, म्हणजे उताराच्या उलटी बाजू, सपाट आहे का, आणि धारेजवळ पोलादाचा रंग बदललाय का.

कोन मोजायला कोनमापक लागत नाही. पात्याची जाडी आणि उताराची लांबी मोजा. लांबी जाडीच्या दुप्पट असेल तर कोन ३० अंश. २.३७ पट असेल तर २५ अंश. म्हणजे ४ मिमी जाड पटाशीचा उतार ८ मिमी भरला तर ३०, साडेनऊ भरला तर २५. व्हर्नियर नसला तरी स्टीलच्या पट्टीवर हे पुरेसं अचूक कळतं.

दोन सुताची धार तिरकी आहे, गुण्या लावल्यावर एका बाजूला सरळ दीड मिमी फट दिसते. अर्ध्या इंचीला खिळ्यावर बसून मिमीभर खोल खांडा पडलाय, आणि तिचं पातं झिजून जेमतेम ७० मिमी उरलंय. पाऊण इंचीचा उतार हाताने घासून घासून गोल झालाय. मधला भाग पुढे आल्यामुळे ती लाकडात नीट शिरतच नाही, वर उचलली जाते. एक इंचीच्या पाठीवर गंजाचे खड्डे आहेत, त्यातले दोन थेट धारेला भिडलेले. दीड इंचीचा एक कोपरा निळा आहे. आधी कोणीतरी ग्राइंडरवर दाबून धरलेली दिसते. विंधणं धडधाकट आहे, फक्त बोथट.

निळ्या कोपऱ्यावर बारीक कानस घासून पाहिली. कोपऱ्यात कानस चावते, बाकीच्या धारेवर नुसती घसरते. म्हणजे तिथलं पाणी, पोलादाला दिलेला कडकपणा, उतरलेलं आहे. निळा रंग पॉलिश करून घालवला तरी खालचं पोलाद मऊच राहतं, कारण रंग ही फक्त वरची साय आहे.

९ जून: चाक बदललं

ग्राइंडरवर कंपनीकडून आलेली राखाडी चाकं होती, एक ३६ आणि एक ६० ग्रिटचं (ग्रिट म्हणजे कणाच्या आकाराचा नंबर, आकडा मोठा तितका कण बारीक). लोखंड घासायला ती चांगली. पटाशीला वाईट. त्यांचे कण पक्क्या बंधाने धरलेले असतात. कण बोथट झाला तरी सुटून पडत नाही, पोलादावर नुसता घासत राहतो आणि उष्णता वाढते. उजव्या बाजूला पांढरं अॅल्युमिनियम ऑक्साइडचं चाक बसवलं. त्यावर ‘डब्ल्यूए ६० के’ असं छापलेलं असतं. डब्ल्यूए म्हणजे पांढरा ऑक्साइड, ६० हा कणाचा आकार, के म्हणजे बंध मऊकडे झुकणारा. हा ‘के’ पाहूनच घ्या. त्याच्या पुढची अक्षरं, म्हणजे एम, एन, पी वगैरे, अधिक कडक बंधाची. पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत नागदेवीला मागितलं तर मिळतं. छोट्या गावातल्या हार्डवेअर दुकानात बहुतेक राखाडीच हातात येतं.

बसवण्याआधी ठणका घेतला. चाकाच्या भोकात बोट घालून लटकतं धरायचं आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने कडेजवळ चार ठिकाणी हलकेच वाजवायचं. स्वच्छ टणत्कार आला तर चाक अखंड. बद्द आवाज आला तर आत चीर आहे, ते चाक टाकून द्यायचं. शंभर रुपये वाचवायला ते बसवू नका. चाकाच्या दोन्ही अंगांना चिकटवलेले जाड कागदी गोल काढायचे नाहीत, फ्लँजचा (चाक दोन्ही अंगांनी दाबून धरणाऱ्या चकत्यांचा) दाब त्यांच्यामुळे सारखा बसतो. चाकावर छापलेला कमाल वेग ग्राइंडरच्या पाटीवरच्या वेगापेक्षा जास्त आहे ना, तेही बघा. इथल्या ग्राइंडरच्या पाटीवर मिनिटाला २८५० फेरे आहेत. डाव्या बाजूचा नट उलट्या आट्याचा असतो, उजव्या बाजूचा सरळ.

पहिली अडचण इथेच आली. चाकाचं भोक ३१.७५ मिमी, शाफ्ट १२.७. मधे प्लॅस्टिकचे बुश घालावे लागतात आणि ते सैल बसतात. चालू केल्यावर पूर्ण टेबल थरथरत होतं. ही थरथर दोन प्रकारची असते. चाक वर-खाली उडत असेल तर ड्रेसरने (चाकाचा पृष्ठभाग सारखा करायच्या अवजाराने) घासून ते गोल होतं. चाक बाजूला डुलत असेल तर दोष फ्लँजचा, आणि ड्रेसर त्याला काही करू शकत नाही. पत्र्याचे दाबून काढलेले फ्लँज क्वचितच सपाट असतात. नट ढिला करून बाहेरचा फ्लँज पाव फेरा फिरवायचा, परत कसायचा, हाताने चाक फिरवून टेकूजवळ (पातं टेकवायच्या पट्टीजवळ) धरलेल्या पेन्सिलीपासून अंतर बघायचं. तिसऱ्या जागी डुलणं जवळजवळ गेलं. उरलेलं फ्लँज आणि कागदी गोलाच्या मधे साध्या कागदाचा चतकोर घालून घालवलं. यात सगळी सकाळ गेली, पण हे न करता पुढे गेलात तर धारेवर लाटा उमटतात आणि त्या दगडावर काढायला कितीतरी जास्त वेळ जातो.

नवं चाक पहिल्यांदा चालवताना समोर उभं राहायचं नाही. बाजूला उभं राहून मिनिटभर मोकळं फिरू द्यायचं. चष्मा हवाच, हातमोजे नकोत. ग्राइंडरच्या आसपासचा भुसा आधी झाडून काढा. ठिणगी भुशात पडली की आत धुमसत राहते, आणि ते कळतं तासाभराने.

१५ जून: टेकू आणि जिग

ग्राइंडरबरोबर आलेला टेकू बोटभर रुंद, पत्र्याचा, दाबला की वाकतो. त्यावर कोन टिकत नाही. तो काढून टाकला.

नवा टेकू ७५ × ६ मिमीच्या लोखंडी पट्टीचा, १५० मिमी लांब. खालून १८ मिमी प्लायच्या दोन उभ्या बाह्या, एम८ बोल्टवर फिरणाऱ्या, पंखाच्या नटने कसायच्या. टेकूचा माथा लोखंडीच हवा. नुसत्या प्लायवर ठिणग्या पडून खड्डे होतात आणि जिग त्यात अडकते.

जिग अशी: खाली ४० × ६ मिमी अॅल्युमिनियम पट्टीचा १०० मिमी तुकडा. त्याच्या आपल्याकडच्या कडेला खालून १२ मिमीची चौकोनी लाकडी पट्टी स्क्रूने बसवली. ही पट्टी टेकूच्या आपल्याकडच्या कडेला टेकते आणि तिच्याच आधाराने जिग डावी-उजवीकडे सरकते. वरून सागाचा २५ × २० मिमी तुकडा, दोन्ही टोकांना एम६ बोल्ट आणि पंखाचे नट. पटाशी दोघांच्या मधे, उतार खाली आणि पाठ वर. अॅल्युमिनियमवर धारेच्या दिशेला काटकोनात एक रेघ ओढून ठेवली. अॅल्युमिनियम चाकाला कधीच लागू द्यायचं नाही. ते कणांच्या मधे भरतं आणि चाक कापायचं थांबतं.

इथे दोन गोष्टी चुकल्या. पहिली, टेकूची खोली. ७५ मिमी खोल टेकूवर जिगच्या पुढे ३८ मिमी पातं बाहेर यावं लागतं. जिगचे ४० आणि हे ३८ मिळून ७८ मिमी झाले, आणि अर्ध्या इंचीचं पातंच ७० मिमी. मुठीची मान जिगवर आदळत होती. पट्टी कापून टेकू ५० मिमी केला. आता ५३ मिमी पातं पुरतं. जुन्या पटाश्यांवर काम करणार असाल तर सुरुवातच ५० पासून करा.

दुसरी, पाऊण इंचीच्या कडा वरून तासलेल्या आहेत, त्यामुळे मधला सपाट भाग अगदी अरुंद. नट कसताना ती एका अंगाला कलंडते आणि धार तिरकी निघते. वरच्या सागाच्या तुकड्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली. तिने पकड सुधारली, कलंडणं तेवढंच राहिलं. शेवटी खालून दोन्ही बाजूंना व्हिजिटिंग कार्डाचे तुकडे घालून पाठ टेकूला समांतर केली आणि दोन्ही नट आलटूनपालटून पाव-पाव फेरा कसले. एक नट पूर्ण कसून मग दुसरा, असं केलं की पातं हमखास फिरतं.

कोन लावण्याची रीत: मार्कर पेनने पूर्ण उतार काळा करायचा. वीज बंद. पटाशी चाकाला टेकवून चाक हाताने थोडं फिरवायचं आणि शाई कुठे खरवडली ते बघायचं. मधोमध गेली तर आहे तोच कोन कायम राहील. धारेकडे गेली तर टेकू जास्त उभा कोन देतोय, टाचेकडे (उताराच्या मागच्या टोकाकडे) गेली तर कमी. उतार आधीच बिघडलेला असेल तर ही खूण उपयोगाची नाही. त्यासाठी कागदावर १५० मिमीचं वर्तुळ, स्पर्शरेषा आणि तिच्याशी २५ अंशांची रेघ काढून त्यावरून ३ मिमी प्लायचा साचा कापला. साच्याची एक बाजू टेकूवर, दुसरी चाकाला टेकते. टेकू आणि चाकामधली फट ३ मिमीपेक्षा जास्त ठेवायची नाही.

१६ जून: पहिलं घासणं, एक इंची

सुरुवात उतारापासून केली आणि तीच चूक ठरली. धार पातळ असताना उतार घासला की उष्णतेला जायला जागा नसते. कोपरे आधी तापतात, कारण तिथे पोलाद सगळ्यात कमी. दोन-तीन सरकवण्यांतच एक कोपरा पिवळा झाला, मग तपकिरी.

रंगांचा अंदाज: फिकट पिवळा साधारण २२० अंश, तपकिरी २६०, जांभळा २८०, निळा ३००. साधी हाय कार्बन पटाशी कारखान्यात साधारण २०० अंशांच्या आसपास तापवून, पाणी जरासंच उतरवून कडक ठेवलेली असते. फिकट पिवळ्यावर थांबलात तर फारसं बिघडत नाही. तपकिरीपासून पुढे धार टिकत नाही. रंग आल्यावर पाण्यात बुडवून काही परत मिळत नाही. बुडवायचं ते रंग यायच्या आधी.

म्हणून क्रम उलटा केला, आणि या सगळ्या नोंदींत सर्वांत कामाची गोष्ट हीच आहे. आधी पटाशी चाकाला सरळ काटकोनात टेकवून धार मुद्दाम बोथट करायची. खांडा, खड्डे, निळा कोपरा, तिरकेपणा, सगळं याच टप्प्यात जातं, आणि धारेच्या जागी अर्धा-एक मिमी रुंदीची चपटी पट्टी उरते. ही पट्टी उजेडात चमकते. मग उतार घासायला घ्यायचा. पट्टी जाड असेपर्यंत पातं तापत नाही, त्यामुळे बेधडक घासता येतं. पट्टी केसाइतकी बारीक झाली की थांबायचं. पूर्ण धारेपर्यंत चाक न्यायचंच नाही. शेवटचा तो केस दगडावर जातो. चाकाचं काम उताराचा पोटाकडचा भाग काढून जागा करून देण्याचं आहे. धार दगडावरच लागते.

घासतानाची शिस्त: जिग सतत सरकती ठेवायची, एका जागी क्षणभरही थांबायचं नाही. पाठ वर असल्यामुळे धारेमागे पाण्याचा एक थेंब ठेवता येतो. थेंब धारेपासून मागे पळायला लागला की लगेच बुडवायचं. नवशिक्याला बोटाच्या स्पर्शापेक्षा हा थेंब जास्त भरवशाचा. जिग काढायची नाही, जिगसकट पाण्यात बुडवायची. परत टेकूवर ठेवली की बरोबर त्याच जागी बसते. जिगचा खरा फायदा हाच. हाताने धरलं तर दर बुडवणीनंतर कोन अर्धा-एक अंश इकडेतिकडे होतो, आणि दर वेळी नवीन ठिकाणचं पोलाद विनाकारण जातं.

एक इंचीचे खड्डे पार करायला दोन मिमी पातं मागे न्यावं लागलं. अख्ख्या पटाशीला चाळीस मिनिटं.

२२ जून: ड्रेसर

चाक हळूहळू कापेनासं झालं. पृष्ठभाग काचेसारखा चकाकतो तेव्हा चाक घासत नाही, फक्त तापवतं. दाब वाढवून उपयोग नाही, ड्रेसर लावायचा. दातेरी (स्टार) चाकांचा ड्रेसर राखाडी चाकाला ठीक, पण मऊ पांढरं चाक तो फार वेगाने खातो आणि पृष्ठभाग खडबडीत ठेवतो. एका हिऱ्याचा ड्रेसर घेतला. हिऱ्याचं टोक चाकाच्या मध्यरेषेच्या किंचित खाली, दांडा फिरण्याच्या दिशेला दहा-पंधरा अंश कललेला, आणि एका वेळी अगदी हलका थर. टेकूच्या कडेला धरून एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचा. मधे थांबलं की तिथे चर पडतो. मास्क लावा, ही धूळ बारीक असते.

चाकाचा चेहरा पूर्ण सपाट न ठेवता मधे किंचित फुगीर केला, कडांपेक्षा मध्य अर्ध्या मिमीच्या आत उंच. सपाट चाकावर २५ मिमी रुंदी एकदम टेकते आणि पात्याचा कोपरा चाकाच्या कडेवर गेला की खोल ओरखडा उमटतो. फुगीर चाकावर एका वेळी थोडीच रुंदी कापली जाते, उष्णता निम्म्याहून कमी वाटते, आणि उरलेली रुंदी सरकवून भरून निघते. दीड इंचीचा निळा कोपरा याच चाकावर काढला. निळ्याच्या पलीकडे आणखी दीड मिमी गेल्यावर कानस घसरायला लागली. तिथे थांबलो.

अर्धा इंची आणि दोन सूत लवकर झाल्या. अरुंद पातं सर्वांत पटकन तापतं, म्हणून दोन सुताला दर सरकवणीनंतर बुडवलं.

२३ जून: पाठ

धार म्हणजे दोन पृष्ठभाग जिथे भेटतात ती रेघ. उतार कितीही चकचकीत केला तरी पाठीवरचा ओरखडा धारेत उतरतो आणि तिथे दाता पडतो. तरी सहा पात्यांच्या पूर्ण पाठी घासायची गरज नाही, धारेपासूनचे ३० मिमी पुरे.

१० मिमी जाड काचेचा तुकडा, त्यावर वॉटर पेपर: १२०, २२०, ४००, ८००, १२००. पेपर गोंदाने चिकटवला तर खाली बुडबुडे राहतात आणि पाठ फुगीर होते. काच ओली करून त्यावर पेपर ठेवला की तो पाण्यानेच धरून राहतो. आधी मार्करने पाठ काळी केली. मधे काळं राहिलं तर पाठ खोलगट आहे, ते चालतं, कडा मधल्या भागापर्यंत पोचतील. धारेकडे काळं राहिलं तर धार खाली वळलेली आहे, ते सगळं काढावंच लागतं.

सगळ्यात जास्त नुकसान मूठ वर उचलली जाऊन होतं. मूठ जड, पातं हलकं. हात थकला की मूठ जराशी उठते आणि धारेची पाठ गोल होते. दोन्ही हातांची बोटं पात्यावरच ठेवायची, मूठ फक्त सोबत येते. दीड इंचीला तासाहून जास्त वेळ लागला. १२० वरचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत २२० सोडायचा नाही, इथे घाई केली की ते ८०० वर जाऊन दिसतात आणि परत मागे यावं लागतं.

पावसाळा आहे. ओली पटाशी जेवणाच्या वेळापुरती ठेवली तरी नव्या पाठीवर तांबूस डाग येतात. दर पेपरानंतर कोरडं पुसून मशीन ऑइलचा हात फिरवला.

२९ जून: दगड आणि गाइड

दोन बाजूंचा कार्बोरंडम दगड नवा असला तरी सपाट नव्हता. पेन्सिलीने चौकटी आखून काचेवरच्या ८० नंबर पेपरवर घासला. चारही कोपऱ्यांच्या रेघा गेल्या आणि मधल्या राहिल्या. सगळ्या रेघा जाईपर्यंत पेपर बदलत घासला. वापरून खोलगट झालेल्या दगडावर धार कमानदार होते, म्हणून हे अधूनमधून करावंच लागतं. दगडाला रॉकेल आणि मशीन ऑइल अर्धं-अर्धं. एकदा तेल लावलेल्या दगडावर नंतर पाणी चालत नाही.

गाइड ही शेफील्डच्या जुन्या इक्लिप्स ३६ घडणीची स्वस्त नक्कल आहे: दोन बाजूंचे जबडे, मधे एक स्क्रू, खाली रोलर. मूळ गाइडच्या अंगावरच अंतरं लिहिलेली असतात. पटाशी ३० मिमी बाहेर काढली तर ३० अंश, ४० मिमी काढली तर २५. रंध्याच्या पात्याला तीच अंतरं ३८ आणि ५०, कारण ते वरच्या खाचेत बसतं. दर वेळी पट्टीने मोजण्यापेक्षा फळीच्या कडेपासून ३० मिमीवर एक ठोकळा स्क्रूने बसवला. गाइड फळीच्या कडेला टेकवायचं, पातं ठोकळ्याला टेकलं की कसायचं.

नकलेतल्या अडचणी: खालच्या खाचेत रंगाचे थेंब वाळलेले, त्यामुळे पातं तिरकं बसतं. तिकोनी कानशीने खाच साफ केली. स्क्रू बोटाने कसून पातं सरकतं, स्क्रूड्रायव्हरने शेवटचा पाव फेरा द्यावा लागतो. आणि अंतरावर आंधळा विश्वास नको. नकलेचा रोलर जरा लहान-मोठा असला तर कोन बदलतो. एकदा घासून जाडी-लांबीच्या हिशोबाने तपासा. इथे ३० मिमीवर साडेएकोणतीसच्या आसपास आला, तो चालेल.

३० अंशच का? २५ अंशांवर चाकाने घासलेला उतार खोलगट असतो. ४ मिमी पात्याच्या साडेनऊ मिमी उतारावर १५० मिमीचं चाक मधे ०.१५ मिमी पोकळी करतं. दिसायला क्षुल्लक, पण त्यामुळे अगदी धारेजवळचा कोन २५ राहत नाही, साडेएकवीसच्या आत उतरतो. अशी धार सागाच्या आडव्या कापात पहिल्या ठोक्यालाच चुरते. म्हणून धारेवर ३० चा छोटा दुसरा उतार हवाच. पोकळीचा फायदा असा की दगडाला फक्त धारेची बारीक रेघ लागते, त्यामुळे काम मिनिटांत होतं.

कृती: खरखरीत बाजूवर धारेवर दाब ठेवून ओढायचं, पाठीमागे पूर्ण रुंदीला बर लागेपर्यंत. बर म्हणजे पाठीकडे वळलेली पातळ काठ. बोट पाठीवरून धारेकडे, धारेच्या बाहेर नेलं की अडते. एका जागी जरी बर लागली नाही तरी पुढे जायचं नाही, तिथे अजून चाकाने सोडलेला केस शिल्लक आहे. मग बारीक बाजू, मग काचेवर १२०० आणि २०००. गाइड काढून पाठ सपाट ठेवून बर मोडायची. शेवटी एमडीएफच्या तुकड्यावर हिरवी क्रोमियम ऑक्साइडची वडी घासून त्यावर पाच-सहा ओढी. मऊ चामड्यावर जास्त ओढलं की धार गोल होते, एमडीएफवर तो धोका कमी.

दोन सूत रोलरवर डुलते. त्यासाठी फक्त मधोमध एका बोटाचा दाब.

३० जून: चाचणी

मनगटावरचे केस निघाले म्हणजे धार चांगली, असं धरू नका. बर असलेली धारही केस काढते आणि लाकडात पहिल्या ठोक्याला मोडते. पॅकिंगच्या पाइनच्या आडव्या कापावरून पातळ साल काढून बघा. पाइन मऊ आहे, धार कमी असेल तर तंतू चिरडून पांढुरका, भुकटीसारखा चेहरा राहतो. चांगल्या धारेने तो गुळगुळीत, थोडा गडद दिसतो. पाचही पटाश्या यात उतरल्या.

मग साग. सागात वाळूचा अंश असतो, त्यामुळे तो धार लवकर खातो. अर्ध्या इंचीने सागात साधी खाच पाडून परत पाइनवर आणली. साल निघते, पण एका ठिकाणी रेघ उमटते. भिंगाखाली बारीक दाता दिसला. तिथेच १६ जूनला सांगितलेला तपकिरी कोपरा असता तर कारण उघड होतं, पण ही वेगळी पटाशी. कारण पाठीवर राहिलेला १२० चा ओरखडा. पाठ परत ४०० पासून केली, दाता गेला.

६ जुलै: विंधणं

याला जिग लावू नका. विंधणं ९ मिमी जाड, ३० अंशांवर उतार १८ मिमी लांब होतो. १५० मिमी चाकावर एवढ्या उतारात अर्ध्या मिमीहून जास्त पोकळी पडते आणि धारेजवळचा कोन तेविसाच्या आसपास येतो. मोगरीच्या मारासाठी आणि खाचेतून उचटण्यासाठी ही धार टिकणार नाही. चाकाने फक्त टाचेकडचा भाग दोन टप्प्यांत कमी केला. धारेकडचे सहा मिमी काचेवर ८० पेपरने सपाट ठेवले, दुसरा उतार ३५ अंश. गाइडचे जबडेही एवढ्या जाडीला पुरत नाहीत, म्हणून ३५ अंशांत कापलेल्या लाकडी पाचरीवर टेकवून दगडावर घासलं. पाठीला खाचेच्या आत टेकू मिळतो तो तिच्या सपाटीमुळे, म्हणून पाठ मात्र पूर्ण ६० मिमीपर्यंत केली.

१४ जुलै: खर्च आणि पुढचं चक्र

ग्राइंडर आधीपासून होता. बाकी: पांढरं चाक ६२०, हिऱ्याचा ड्रेसर ३८०, पट्ट्या-बोल्ट-नट २१०, गाइड ५५०, दगड ४२०, काचेचा तुकडा १५०, वॉटर पेपर २८०, हिरवी वडी १६०. एकूण २,७७० रुपये. यात कुठे काटकसर करायची असेल तर गाइड नंतर घ्या. चाक आणि ड्रेसर टाळू नका.

धार उतरली की आता चाकावर जायचं नाही. ठोकळ्याने ३० मिमी, गाइडमधे, बारीक बाजूवर बर येईपर्यंत, पेपर, वडी. तीन-चार मिनिटं. दर वेळी दुसरा उतार थोडा रुंद होत जातो. तो दीड मिमी झाला की दगडावर वेळ लागायला लागतो. तेव्हा चाकावर परत, मार्करची खूण, आणि दुसऱ्या उताराची अर्धा मिमी पट्टी तशीच ठेवून मागचं घासायचं. खांडा नसेल तर धार बोथट करायची गरज नाही, कारण चाक धारेपर्यंत पोचतच नाही.

चाक आता १४७ मिमी भरतं. प्लायचा साचा अजून चालतोय, पण टेकू ३ मिमीच्या फटीसाठी पुढे ओढावा लागला. १४० च्या खाली गेलं की नवा साचा कापायचा. पुढच्या वेळी याच टेकूवर जॅक रंध्याचं ५० मिमी पातं घ्यायचं आहे. जिगची रुंदी १०० मिमी आहे, बोल्टांच्या मधे ७० मोकळे राहतात, त्यामुळे ते बसेल.